कपाळावरचे चांदीचे डोळे

दोन हजार एकोणीस साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझ्याजवळ एकच डोळा उरला होता, उजवा.

डावा रायपूरच्या भनपुरी भागात, ट्रकांच्या यार्डात गेला. मी डेंटर. अपघात झालेले ट्रक माझ्याकडे यायचे आणि त्यांचे चेपलेले पत्रे मी ठोकून सरळ करायचो. एक दिवस छन्नीचं डोकं फुटलं आणि लोखंडाची कपची डोळ्यात शिरली. लोक विचारतात, लय दुखलं असन. तेव्हा दुखलं नाही. कोणी गरम चहा तोंडावर फेकावा तसं वाटलं. मी आधी हातातलं काम पुरं केलं, मग दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणे, लवकर यायचं होतं. आता अर्ध्यात ठोकलेला पत्रा कसा सोडायचा?

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं मी दोनच गोष्टी शिकलो, पत्रा आणि लाठी. पत्रा पोटासाठी. लाठी घरातच होती. मराठ्यांच्या राज्यात शिपाई म्हणून जे लोक रायपूरला आले आणि इथंच राहिले, त्यांच्यातलं आमचं घर. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, आमचा जुना आखाडा आहे. बाप शिकवायचा तेव्हा तोंडानं बोलायचा नाही. पाय चुकला की नडगीवर, हात चुकला की मनगटावर. माझ्या नडग्यांवरून आजही बोट फिरवलं तर खडबडीत रस्त्यावरून गाडी जावी तसं लागतं.

आखाड्याची एक रीत आहे. दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की सगळ्यात मोठा खेळाडू लाठी घेऊन मधे उभा राहतो. ज्याला वाटेल त्यानं समोर यावं. मोठ्याच्या हातून लाठी पडली, तर संध्याकाळच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं लाठी घेऊन चालायचा मान पाडणाऱ्याचा. त्याला आम्ही पुढची लाठी म्हणतो. ती माझ्या बापाजवळ होती. बापाच्या हातून ती मीच पाडली, तेव्हापासून ती माझ्याजवळ. त्याचं बोट मोडलं होतं. घरी जेवताना त्यानं डाव्या हातानं घास घेतला आणि आईला म्हणाला, "पोट्ट्यानं बरा मारला." त्यानं माझं कौतुक केलेलं मला तेवढंच आठवते.

दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात माझ्या उरलेल्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. शंकर नगरच्या डॉक्टरनं बजावलं, "बाबा, अब सिर पर चोट नहीं लगनी चाहिए। अंदर का परदा कमज़ोर है। एक झटका लगा और उतर गया, तो मैं कुछ नहीं कर पाऊँगा।"

बायको सोबत होती. घरी आल्यावर म्हणाली, "यंदा उभे राहू नका."

"काहून?"

"काहून म्हणजे? एकच हाय आता."

"समोर माणूसबी एकच राहते. त्याले पाहाले एक डोळा पुरते."

ती रडली नाही. उठली, आंघोळ केली आणि देवीला नवस बोलली. आमच्यात डोळ्याचं दुखणं असलं की देवीला चांदीचे डोळे बोलतात. तिनं बोलणं केलं ते असं, की दसरा पार पडू दे, माणसाचा डोळा शाबूत राहू दे, कोजागिरीला डोळे वाहीन. सोनाराकडून करवून पण आणले. लोक बदामाएवढे वाहतात. हिनं आंब्याच्या कोयीएवढे आणले, आत काळ्या मिन्याची बुबुळं. ते लाल कापडात गुंडाळून देवघरात ठेवले आणि मला बजावलं, "त्याले हात लावायचा नाही. देवीच्या नावाची वस्तू हाय."

आता नातीचं सांगतो. नात कॉलेजात इतिहास शिकते. मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत देते. तिला कॉलेजात एका विषयावर बोलायचं होतं आणि ती मोबाइलवर फोटो पाहत माझ्याजवळ बसली होती. मी डोकावलो. एक चांदीची टोपी होती, लढाईत घालतात तशी, कानावर पट्ट्या सोडलेली. आणि जिथं माणसाचं कपाळ येईल तिथं, घालणाऱ्याच्या डोळ्यांच्या वर, आणखी दोन डोळे. भुवया पण होत्या. ते डोळे असे टक्क उघडे होते की मी मोबाइल जरा दूर धरला.

"हे कोणाचं वं?"

"दादाजी, डेशियन लोग थे। आज जहाँ रोमानिया है ना, उधर के। दो हज़ार साल से भी पुराना है। उनके सरदार पहनते थे।"

"अन् हे वरचे डोळे?"

"रक्षा के लिए। सामने वाले की बुरी नज़र पलट जाए, इसलिए।"

तिनं आणखी दाखवलं. पायाच्या नडगीवर बांधायचं चांदीचं कवच होतं, त्याच्या गुडघ्यावर माणसाचं तोंड कोरलेलं, तेही डोळे फाडून पाहणारं. मला बापाची आठवण झाली. असं काही नडगीवर असतं तर बाप कुठं मारता? दुसऱ्या टोपीवर एक मोठा पक्षी होता, चोचीत मासा आणि पंजात ससा. तोंडात एक, हातात एक, तरी नजर तिसऱ्यावर. असा एक ट्रकमालक मला भनपुरीत माहीत होता.

मी विचारलं, "मार लागत नसन याच्यावर?"

पोट्टी हसली. "ये मार खाने के लिए था ही नहीं। चाँदी एकदम पतली है। जुलूस में, पूजा में पहनते थे। फिर सरदार मरा तो साथ में गाड़ देते थे।"

मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. मार खायचा नाही तर माणूस कपाळावर डोळे कशाला काढील? मी ट्रकवाल्यांमधे जन्म काढला. ड्रायव्हर काचेच्या वर डोळे रंगवून घेतात, मागं जोडा टांगतात. असे डोळेवाले ट्रकही माझ्याकडे चेपून यायचे, हे खरं. पण त्यांचा डोळा रंगाचा होता. रंग म्हणजे काय, पत्र्याच्या वरची साय. डोळा धातूचा आणि त्याच्या खाली लोखंड असेल, तर गोष्ट वेगळी.

यार्डातून मी जुन्या बोनटचा पत्रा आणला. लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून त्याची टोपी केली, कानावर पट्ट्या सोडल्या, आतून पोत्याचं गोणपाट शिवलं. भुवया पितळेच्या पट्टीच्या केल्या. राहिले डोळे. मी सरळ विचार केला. चांदीचे डोळे घरात आहेत. बोललेले कोणासाठी? माझ्या डोळ्यासाठी. मग दसऱ्याच्या दिवशी ते लाल कापडात झोपून काय करतील? माझ्या कपाळावर बसावेत, काम करावं, आणि दसरा झाला की धुऊन पुसून देवीकडे जावेत. याच्यात मला काही वाकडं दिसलं नाही. बायकोला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.

रिव्हेट मारायला पत्र्यात छेद पाडावे लागले. छेद पाडला की पत्रा तिथं कमजोर होतो, हे डेंटरच्या हाताखालच्या पोट्ट्यालाही माहीत असते. मलाही माहीत होतं. पण डोळे डिंकानं चिकटवून लढाईला जायचं का?

दसऱ्याच्या सकाळी शस्त्रपूजा झाली. मी टोपी गमछ्यात गुंडाळून नेली होती. मधे उभा राहिलो तेव्हा डोक्यावर घातली. पोट्टेपाट्टे ओरडले, मोबाइल वर झाले. बायका एका बाजूला बसल्या होत्या. माझी बायको उभी राहिली, तिनं कपाळावर हात नेला, आणि मग नात तिचा पदर ओढून तिला खाली बसवू लागली. नातीनं टोपी ओळखली होती. बायकोनं डोळे ओळखले होते.

समोर कोण आला? माझा साळा. बायकोचा धाकटा भाऊ. सरकारी नोकरीतून निवृत्त, चौबे कॉलोनीत राहणारा, रोज गुळगुळीत दाढी करणारा. लाठी त्याला मीच शिकवली होती, पण कित्येक वर्षं त्यानं धरली नव्हती. मी म्हटलं, "तू? तुले सायटिका हाय ना?"

"हाय. या भाऊजी."

त्यानं पहिले वार टाकले ते असे, जणू बाई अंगणात पाणी शिंपते. मी अडवले. तो माझ्या मनगटाजवळ हळूच टोला देई आणि मागं सरे. तेव्हा मला समजलं. बहीणभावानं घरात बसून ठरवलं होतं. एखाद्या जवान पोट्ट्यानं डोक्यात घालण्यापेक्षा घरच्या माणसानं हळूच लाठी पाडून घ्यावी, म्हाताऱ्याचा डोळा वाचावा. म्हणजे माझ्या हातची लाठी हे लोक मुलाच्या हातचं खेळणं काढतात तशी काढून घेणार होते.

माझ्या डोक्यात आग गेली. मी वाकलो आणि त्याच्या नडगीवर पूर्ण जोरानं मारलं. तो "आई वं" म्हणून एका पायावर नाचला.

"भाऊजी! खेळून राहिलो ना मी!"

"मी नाही खेळून राहिलो. मार."

तो लंगडत जवळ आला. इतक्या जवळून त्यानं पहिल्यांदा माझ्या कपाळाकडे पाहिलं. त्याचं तोंड बदललं.

"हे डोळे कुठले?"

"घरचे."

"ताईनं देवीले बोललेले डोळे हायेत हे! मी सोबत गेलो होतो सोनाराकडे. माह्या समोर बनले. तुमी हे डोक्यावर ठोकले?"

"माह्याच डोळ्यासाठी हायेत ना? मंग माह्याच डोळ्यावर हायेत."

"काढा."

"लाठी पाड, मंग काढतो."

साळा माझ्या डाव्या बाजूला गेला. तिकडं मला दिसत नाही हे जगाला माहीत आहे, पण तोवर कोणी त्याचा फायदा घेतला नव्हता. पहिला वार खांद्यावर बसला. दुसरा कानाच्या पट्टीवर, आणि डोक्यात घंटा वाजली. मी गिरकी घेऊन त्याच्या बरगडीत लाठीचं टोक खुपसलं. त्याचा श्वास सुटल्याचा आवाज मी ऐकला. तो वाकला तसा मी पाठीत मारला. वाकलेल्या माणसाला मारू नये म्हणतात. वाकलेला माणूस नडगी मोडतो, हे बापानं मला नडगीवर शिकवलं होतं.

पण तो पडला नाही. माझाच चेला होता. खालून उठता उठता त्यानं लाठी दोन्ही हातांनी वर नेली आणि माझ्या कपाळावर आणली. मी अडवायला लाठी आडवी धरली. ती सरकली. त्या चांदीच्या डोळ्यावर त्याचा वार असा बसला जसा घण ऐरणीवर बसते. पत्रा छेदांच्या रांगेतून फाटला. डोळा आत चेपला आणि त्याची कड माझ्या भुवईत घुसली.

आणि मला दिसणं बंद झालं.

काळं नाही झालं. लाल झालं, मग लालाच्या मागं काही नाही. डॉक्टरचा परदा उतरला असं मी समजलो. सूर्य गेला, बायको गेली, नात गेली, पत्रा गेला. गेलं ते गेलं. पण लाठी हातात होती. समोरून श्वास ऐकू येत होता, साळा धापा टाकत म्हणत होता, "भाऊजी? भाऊजी, थांबा." मी त्या आवाजावर मारलं. अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं घालून मारलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला, त्याची लाठी मातीत पडली आणि मग तो पडला.

मी उभा होतो. लाठी हातात होती. एवढं मी सांगून ठेवतो.

मग कोणीतरी माझी टोपी ओरबाडून काढली. तोंडावर लोट्यानं पाणी आलं, पुन्हा आलं. बायकोचा हात माझी पापणी फाकवत होता.

"दिसते का? बोला ना, दिसते का?"

आधी लाल. मग गुलाबी. मग मधे एक पांढरा ठिपका चमकला.

"तुह्या नाकातला खडा दिसते," मी म्हणालो.

तिनं माझ्या तोंडावर एक सणसणीत चापट मारली. सगळ्या आखाड्यासमोर. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मग माझं डोकं छातीशी धरून बसली. भुवईतून रक्त वाहून डोळ्यात साचलं होतं, बाकी काही नव्हतं.

दवाखान्यात मी आणि साळा एकाच बाकड्यावर. मला भुवईला टाके, त्याला कोपराच्या खाली प्लास्टर. डॉक्टरनं बत्ती टाकून माझा डोळा पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि म्हणाला, "परदा ठीक है। क़िस्मत वाले हो।"

"क़िस्मत नाही, लोखंड," मी म्हटलं. "बोनटचा पत्रा हाय."

नात म्हणाली, "पत्रा तो फट गया, दादाजी। मैंने कहा था ना, वो पहन के लड़ने की चीज़ नहीं थी।"

"फाटला त्या आधी त्यानं जोर खाल्ला."

"जोर डोळ्यानं खाल्ला," बायको म्हणाली. तिच्या हातात लाल कापड होतं. एक डोळा होता तसाच राहिला होता. दुसरा वाटीसारखा चेपला होता, बुबुळाचा मिना उडून गेला होता. ती तो अंगठ्यानं चोळत होती. "तुमच्या जागेवर हा चेपला. हा नसता तर तुमचा चेपला असता."

भुवई ठणकत होती.

साळ्यानं प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "ताई, हे आता घरात ठेवू नको. कोजागिरीची वाट पाहू नको. उद्याच वाहून टाक. अन् भाऊजीनं आपल्या हातानं वाहावे. देवीसमोर माफी मागावी."

"वाहीन," मी म्हणालो. "माफी मागणार नाही. चोरी केली नाही मी."

"मंग नुसते उभे राहा. मीबी येतो. मीबी त्याच डोळ्यावर मारलं ना." त्यानं हनुवटीवरून डावा हात फिरवला. "पण दाढीची ही अशी खुंटं घेऊन मी देवीसमोर जात नाही. उजवा हात तर तुमी खाल्ला."

त्या संध्याकाळी मिरवणूक निघाली. मला डॉक्टरनं उठू दिलं नाही. लाठी माझ्या हातून पडली नव्हती, म्हणून दुसऱ्या कोणाला पुढं चालता येत नव्हतं. पोट्ट्यांनी पुढची जागा मोकळी सोडली आणि तिच्या मागून ताशे वाजवत गेले. हे मला नातीनं सांगितलं. मी तिला दोनदा सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, देवीकडे जायच्या आधी, मी बापाचा उस्तरा काढला, चामड्यावर घासला आणि नातीच्या स्कूटीवर बसून चौबे कॉलोनीत गेलो. साळा व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता, प्लास्टरचा हात गळ्यात. माझ्या अर्ध्या डोक्याला पट्टी होती. मी उस्तरा उघडला तशी त्याची बायको दारात आली.

"भाऊजी, काल हात तोडला. आज गळा हाय का?"

"गरम पाणी आणा," मी म्हटलं.

साळा म्हणाला, "ब्लेडवाला घ्या ना. उस्तरा कशाले?"

"ब्लेडनं पोट्टे दाढी करतात. मुंडी वर कर."

"दिसते ना तुमाले?"

"गप बस. बोलशील तर कापन."

त्यानं मुंडी मागं टाकली आणि डोळे मिटून घेतले. मी त्याच्या गळ्याला साबण लावला. नरडीची शीर टक टक उडताना मला दिसत होती, साबणाचे बुडबुडे दिसत होते, एकेक पांढरा केस दिसत होता. उस्तरा मी कानाखालून लावला आणि खाली आणला, मग हनुवटीच्या खालून वर नेला, मग नाकाखाली. माझा हात हलला नाही. त्याचा श्वास मात्र शेवटपर्यंत अर्धाच चालू होता.

मग मी गमछ्यानं त्याचं तोंड पुसलं आणि गमछा उजेडात धरून पाहिला. रक्ताचा एक थेंब नव्हता.